दूरच्या संगणकांसाठी आपली स्वतःची इम्युटेबल लिनक्स इमेज

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. तिथले चार संगणक मी पुण्यात बसून सांभाळतो. एका जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात, त्यातला एक अपडेट घेत असताना वीज गेली. परत आली तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी होत्या आणि पुढे काहीच हलेना. अर्धी पॅकेजं नवी, अर्धी जुनी, कर्नल एका आवृत्तीचा आणि त्याची मोड्यूल्स दुसऱ्या. ग्रंथपाल मॅडम फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवत होत्या आणि मी इकडून आज्ञा सांगत होतो. तीन तास गेले, संगणक उठला नाही. शेवटी शनिवारी एसटीने जाऊन सगळं नव्याने टाकलं.

आता ते चारही संगणक एकाच इमेजवर, म्हणजे एकत्र बांधून ठेवलेल्या अख्ख्या सिस्टिमच्या एकाच प्रतीवर, चालतात. इमेज मी बांधतो, ते ती उतरवून घेतात, आणि वीज कधीही गेली तरी कालचा संगणक आज जसाच्या तसा उघडतो. ज्याला लिनक्स थोडंफार वापरता येतं, पण इमेज वगैरे कधी बांधली नाही, अशा माणसासाठी ही सगळी वाट इथे क्रमाने लिहितो आहे.

वाचण्याआधी एक सूचना. आज्ञा, फाइलींची आणि पॅकेजांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची. आडवी रेघ, तिरकी रेघ आणि विसर्गासारखी दोन टिंबं जिथे दिसतील तिथे तशीच द्यायची. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

इम्युटेबल म्हणजे नक्की काय बदलत नाही

नाव ऐकून वाटतं की संगणकावर काहीच बदलता येणार नाही. तसं नाही. तीन जागा लक्षात ठेवल्या की पुढचं सगळं उलगडतं.

'यूएसआर' या फोल्डरमध्ये सगळी सिस्टिम असते: कर्नल, ग्नोम (डेस्कटॉप), फाँट, लायब्ररी. ही जागा फक्त वाचता येते. तुम्ही रूट असलात तरी चालत्या सिस्टिमवर तिथे लिहिता येत नाही. 'ईटीसी' मध्ये सेटिंग असतात. तिथे लिहिता येतं. 'व्हार' मध्ये बाकी सगळा संसार: तुमचं होम फोल्डरही प्रत्यक्षात 'व्हार' च्या आतच असतं. अपडेट येतं तेव्हा 'यूएसआर' अख्खं बदललं जातं, 'ईटीसी' मध्ये तुमचे बदल आणि नवे बदल जुळवले जातात, आणि 'व्हार' ला हातही लागत नाही.

अपडेट चालत्या सिस्टिमवर होतच नाही, यात सगळी गंमत आहे. नवी सिस्टिम शेजारी वेगळी उभी केली जाते आणि ती पूर्ण तयार झाली की शेवटी बूटची नोंद तिच्याकडे वळवली जाते. मध्येच वीज गेली तर अर्धवट उतरलेलं तसंच पडून राहतं आणि संगणक जुन्या सिस्टिममध्ये उठतो. दोन्ही आवृत्त्यांत सारख्या असलेल्या फाइली डिस्कवर एकदाच साठवल्या जातात, म्हणून जागाही दुप्पट लागत नाही.

यामागचं ओएसट्री हे साधन कॉलिन वॉल्टर्स यांनी २०११ च्या सुमारास ग्नोमच्या कामातून सुरू केलं. त्यावर उभी राहिलेली फेडोरा लिनक्सची इम्युटेबल प्रत सिल्वरब्लू या नावाने २०१८ पासून आहे. पुढे कंटेनर इमेजलाच बूट करता येण्याची सोय झाली. ते काम करणारा बूटसी हा प्रकल्प जानेवारी २०२५ मध्ये क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनच्या सँडबॉक्समध्ये दाखल झाला. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा, वेबसाइटच्या कामात वापरतात तोच. एका मजकुरी फाइलीत कृती लिहायची, त्यातून इमेज बांधायची, रजिस्ट्रीत, म्हणजे इमेज साठवायच्या ऑनलाइन कोठारात, ठेवायची. फरक एवढाच की इथे त्या इमेजमध्ये कर्नलही असतो आणि संगणक थेट तिच्यातून उठतो.

आधी दोन आठवडे साधं सिल्वरब्लू वापरा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग अडकतात. स्वतःची इमेज बांधण्याआधी फेडोराच्या संकेतस्थळावरून सिल्वरब्लूची आयएसओ उतरवा, फेडोरा मीडिया रायटरने पेन ड्राइव्हवर घ्या आणि ज्या संगणकावर पुढे काम करायचं त्याच्यावर टाका. आधी सगळा डेटा दुसरीकडे घ्या, कारण मी तरी पूर्ण डिस्क सिल्वरब्लूलाच देण्याच्या मताचा आहे. विंडोजशेजारी बसवता येतं, पण पहिल्या वेळी तो गुंता नको.

या दोन आठवड्यांत हाताला नवी सवय लागते. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी असे रोजचे प्रोग्राम फ्लॅटहब या ऑनलाइन भांडारातून फ्लॅटपॅक म्हणून, म्हणजे सिस्टिमपासून वेगळे बांधलेले, घ्यायचे. प्रोग्रामिंगची हत्यारं टूलबॉक्स किंवा डिस्ट्रोबॉक्सच्या कंटेनरमध्ये टाकायची. तिथे हवी ती मोडतोड करा, मुख्य सिस्टिमला कळतही नाही. आणि या दोन्हींत न बसणाऱ्या गोष्टींची वहीत यादी करत जायची. प्रिंटरचा ड्रायव्हर, कीबोर्डची सोय, एखादी पार्श्वभूमीत चालणारी सर्व्हिस. तुमच्या इमेजमध्ये जायला हवं ते एवढंच. माझ्या यादीत सुरुवातीला एकवीस गोष्टी होत्या. दोन आठवड्यांनी सात उरल्या.

कृतीची फाइल

आता गिटहबवर, म्हणजे प्रकल्पांच्या फाइली ठेवायच्या संकेतस्थळावर, खातं हवं. सार्वजनिक रेपॉझिटरीसाठी (प्रकल्पाच्या फोल्डरसाठी) तिथली बांधणीची यंत्रं फुकट मिळतात, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपचा पंखा फिरवायची गरज नाही. युनिव्हर्सल ब्लू हा समुदाय सिल्वरब्लू आणि फेडोराच्या तशाच इतर प्रतींवर आधारलेल्या इमेज बांधतो (ब्लूफिन, अरोरा, बझाइट ही त्यांचीच), आणि त्यांनी नवख्यांसाठी 'इमेज-टेम्प्लेट' नावाचा तयार साचा ठेवला आहे. तो साचा वापरून स्वतःची रेपॉझिटरी करा. नाव छोट्या अक्षरांत ठेवा. कंटेनर इमेजच्या नावात मोठी अक्षरं चालत नाहीत.

पहिलं काम चावीचं: इमेज आपणच बांधली हे कळावं म्हणून तिच्यावर कोसाइन या साधनाने सही करायची असते. टर्मिनलमध्ये 'कोसाइन जनरेट-की-पेअर' ही आज्ञा दिली की दोन फाइली तयार होतात, एक खाजगी आणि एक सार्वजनिक. पासवर्ड विचारला तर रिकामाच ठेवून एंटर दाबा, नाहीतर गिटहबवर सही करताना बांधणी अडकते. सार्वजनिक चावी, म्हणजे 'कोसाइन.पब', साच्यातल्या त्याच नावाच्या फाइलीच्या जागी ठेवा. खाजगी चावीतला मजकूर रेपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये, सिक्रेट्सखाली, 'साइनिंग_सिक्रेट' या नावाने (सगळी मोठी अक्षरं) चिकटवा. खाजगी चावीची फाइल रेपॉझिटरीत कधीही जाऊ देऊ नका. ज्याच्या हाती ती चावी, त्याला तुमच्या सगळ्या संगणकांवर हवं ते पाठवता येईल.

आता 'कंटेनरफाइल' उघडा. तिच्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ 'फ्रॉम' या मोठ्या अक्षरांतल्या शब्दाने सुरू होते: कोणत्या पायावर बांधायचं ते. मी हा पाया वापरतो:

जीएचसीआर.आयओ/यूब्लू-ओएस/सिल्वरब्लू-मेन

साधं सिल्वरब्लूच, वर व्हिडिओचे कोडेक वगैरे आधीच घातलेले. नावापुढे दोन टिंबं देऊन टॅग लिहायचा असतो. तिथे 'लेटेस्ट' लिहू नका, फेडोराच्या चालू आवृत्तीचा आकडा लिहा. 'लेटेस्ट' असेल तर फेडोराची नवी आवृत्ती येताच तुमचे संगणक एका सकाळी न विचारता तिच्यावर जातात. ती उडी कधी घ्यायची हे आपण ठरवावं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच समुदायाच्या एनव्हिडिया प्रती वेगळ्या आहेत, त्यातली घ्या. ड्रायव्हर स्वतः घालायच्या फंदात पहिल्या वेळी पडू नका.

मराठी टायपिंग, इमेजमध्येच

प्रत्यक्ष भर घालायची ती 'बिल्ड_फाइल्स' फोल्डरमधल्या 'बिल्ड.एसएच' या स्क्रिप्टमध्ये. साच्यात नमुन्यादाखल टीमक्स टाकणारी एक ओळ आहे: 'डीएनएफ५ इन्स्टॉल -वाय टीमक्स'. तुमची पॅकेजं याच पद्धतीने लिहायची.

वाचनालयाच्या यादीत पहिली गोष्ट मराठी होती. तिथे रोज पत्रं, सूचना, पुस्तकांच्या नोंदी मराठीत टाइप होतात, आणि आधी प्रत्येक संगणकावर ही सोय हाताने करावी लागायची. आता स्क्रिप्टमध्ये पाच नावं आहेत: टायपिंगसाठी 'आयबस-एम१७एन', भाषेच्या आधारासाठी 'लँगपॅक्स-एमआर', शुद्धलेखन तपासायला 'हनस्पेल-एमआर', आणि 'गूगल-नोटो-सेरिफ-देवनागरी-फाँट्स' व 'लोहित-देवनागरी-फाँट्स' हे दोन फाँट. यातली काही पायाभूत इमेजमध्ये आधीच असू शकतात. तरी लिहून ठेवावीत. असलेलं पॅकेज पुन्हा मागितलं तर डीएनएफ ते सोडून पुढे जातं, आणि उद्या पायातून ते गळलं तरी आपल्याकडे राहतं. लोहितबद्दल मला विशेष माया आहे. हे फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले आणि रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना दिले. लिनक्सवर मराठी नीट वाचता येऊ लागली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पॅकेज घालून काम संपत नाही. कीबोर्ड निवडलेलाही हवा. त्यासाठी 'यूएसआर/शेअर/जीलिब-२.०/स्कीमाज' या फोल्डरमध्ये '.जीस्कीमा.ओव्हरराइड' या शेपटीची छोटी फाइल ठेवायची. तिच्यात ग्नोमच्या इनपुट-सोर्सेस या विभागात दोन पर्याय लिहायचे, अमेरिकन इंग्रजी आणि 'एम१७एन:एमआर:फोनेटिक'. ज्यांचा हात सरकारी इन्स्क्रिप्टवर बसला आहे त्यांच्यासाठी फोनेटिकच्या जागी 'इन्स्क्रिप्ट२'. मग स्क्रिप्टच्या शेवटी 'जीलिब-कंपाइल-स्कीमाज' ही आज्ञा त्या फोल्डरवर चालवायची. ती विसरलात तर फाइल असूनही नसल्यासारखीच. हे मूलभूत सेटिंग नव्या खात्यांना लागू होतं. ज्याने आपला कीबोर्ड आधीच निवडलेला आहे त्याचा तसाच राहतो, आणि ते बरोबरच आहे.

ही फाइल मी मुद्दाम 'यूएसआर' मध्ये ठेवली. 'ईटीसी' मधल्या फाइलीला संगणकावर कुणी एकदा हात लावला की त्या फाइलीपुरतं इमेजमधलं नवं सेटिंग तिथे पोचत नाही. त्या माणसाचा बदल राखला जातो. म्हणून जे सगळीकडे सारखं हवं ते 'यूएसआर' मध्ये आणि जे संगणकागणिक वेगळं ते 'ईटीसी' मध्ये, अशी वाटणी ठेवा. कोणत्या फाइली बदलल्या आहेत ते 'सूडू ओएसट्री अ‍ॅडमिन कॉन्फिग-डिफ' दाखवतं.

'ऑप्ट' ने खाल्लेला आठवडा

प्रिंटरच्या ड्रायव्हरवर माझा एक अख्खा आठवडा गेला. कंपनीने दिलेलं पॅकेज स्क्रिप्टमध्ये घातलं, बांधणीला हिरवी खूण आली, इमेज संगणकावर गेली, आणि ड्रायव्हरच्या फाइलीच नाहीत. पुन्हा बांधली, पुन्हा तेच. नोंदी पाहिल्या तर पॅकेज व्यवस्थित बसलेलं दिसत होतं.

कारण असं. ते पॅकेज आपल्या फाइली 'ऑप्ट' फोल्डरमध्ये ठेवत होतं. फेडोराच्या या इमेजमध्ये 'ऑप्ट' हे खरं फोल्डर नाही, तो 'व्हार/ऑप्ट' कडे बोट दाखवणारा दुवा आहे. आणि 'व्हार' तर संगणकाचं स्वतःचं. तिथल्या गोष्टी इमेजच्या अपडेटबरोबर येत नाहीत. म्हणजे फाइली इमेजमध्ये होत्या, पण संगणकावर उतरताना बाहेरच राहत होत्या. क्रोमसारखी काही पॅकेजंही 'ऑप्ट' मध्येच जातात. उपाय साच्याच्या कंटेनरफाइलमध्येच दिलेला आहे, टिप्पणीच्या खुणेमागे: दुवा काढून 'ऑप्ट' नावाचं खरं फोल्डर करणारी एक ओळ. खूण काढा, ओळ चालू होते. त्यानंतर 'ऑप्ट' सुद्धा इमेजचा भाग होतो.

तेव्हापासून कुठलंही बाहेरचं पॅकेज घालण्याआधी 'आरपीएम -क्यूएलपी' आणि त्यापुढे फाइलीचं नाव देऊन ते कुठे कुठे काय ठेवतं हे मी पाहतोच.

बांधणी आणि चाचणी

बदल गिटहबवर पाठवले की अ‍ॅक्शन्सच्या (गिटहबच्या आपोआप बांधणीच्या सोयीच्या) पानावर बांधणी सुरू होते. कंटेनरफाइलच्या शेवटची 'बूटसी कंटेनर लिंट' ही ओळ काढू नका. इमेज बूट होण्याच्या लायकीची आहे का याची ती प्राथमिक तपासणी करते.

पण गिटहबवर पाठवण्याआधी घरच्या घरी बांधून पाहणं मला जास्त पटतं. सिल्वरब्लूमध्ये पॉडमन, म्हणजे कंटेनर बांधायचं आणि चालवायचं साधन, असतंच. रेपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये 'पॉडमन बिल्ड' चालवा, मग 'पॉडमन रन -आयटी' ने त्या इमेजच्या आत शिरा आणि फाइली जागच्या जागी आहेत का ते बघा. याने बूट तपासलं जात नाही, पण पॅकेजाचं नाव चुकलं किंवा फाइल भलतीकडे गेली यासारख्या बहुतेक चुका इथेच सापडतात. बूट तपासायला साच्यातल्या जस्टफाइलमध्ये आभासी संगणकाची डिस्क बनवण्याची सोय आहे. दुसऱ्याच्या संगणकावर जाणारी इमेज एकदा तरी तशी उठवून पाहावी.

बांधणी यशस्वी झाली की गिटहबवर तुमच्या खात्यातल्या पॅकेजेसमध्ये इमेज दिसेल. ती सार्वजनिक आहे ना ते पाहा. खाजगी राहिली तर संगणकाला ती उतरवता येणार नाही आणि परवानगीची चूक दिसेल.

संगणक नव्या इमेजवर नेणं

आधी सिल्वरब्लूवर 'आरपीएम-ओएसट्री इन्स्टॉल' ने (आरपीएम-ओएसट्री हे सिल्वरब्लूचं पॅकेज आणि अपडेटचं साधन) काही वरून घातलं असेल तर ते 'आरपीएम-ओएसट्री रीसेट' ने काढा. असे थर राहिले तर पुढे बूटसी अपडेट करायला नकार देतो. मग ही आज्ञा:

आरपीएम-ओएसट्री रिबेस ओएसट्री-अनव्हेरिफाइड-रजिस्ट्री:जीएचसीआर.आयओ/तुमचं-खातं/तुमची-इमेज:लेटेस्ट

हा 'लेटेस्ट' तुमच्या स्वतःच्या इमेजचा आहे, त्यामुळे इथे तो चालतो. पहिल्या वेळी काही जीबी उतरतात. चांगल्या इंटरनेटवर करा. पुढच्या वेळी इमेजचे बदललेले थरच येतात. झालं की संगणक रीस्टार्ट करा आणि 'आरपीएम-ओएसट्री स्टेटस' पाहा. गोल ठिपक्याची ओळ म्हणजे सध्या चालू असलेली सिस्टिम. तिथे तुमच्या इमेजचं नाव हवं.

आज्ञेतल्या 'अनव्हेरिफाइड' चा अर्थ, सही तपासलेली नाही. इतरांचे संगणक सांभाळत असाल तर इथे थांबू नका. सही तपासण्यासाठी तुमची सार्वजनिक चावी, 'ईटीसी/कंटेनर्स' मधली 'पॉलिसी.जेसन' ही फाइल आणि 'रजिस्ट्रीज.डी' मधली एक छोटी फाइल, अशा तीन गोष्टी इमेजमध्येच जाव्या लागतात. युनिव्हर्सल ब्लूच्या इमेजमध्ये त्यांच्या स्वतःच्या चावीसाठी हे तिन्ही केलेलं असतं; ते नमुना म्हणून उघडून पाहा आणि त्याच धर्तीवर आपली नोंद जोडा. ती इमेज संगणकावर पोचली की पुन्हा एकदा रिबेस, या वेळी 'ओएसट्री-इमेज-साइन्ड:डॉकर:' पुढे दोन तिरक्या रेघा आणि तोच पत्ता. यापुढे तुमच्या चावीची सही नसलेली इमेज संगणक स्वीकारणार नाही.

लोकांचा डेटा, खाती, फ्लॅटपॅक या सगळ्यात जागचं काही हलत नाही. फ्लॅटपॅक 'व्हार' मध्ये राहतात, म्हणून ते इमेजमध्ये घालू नका. नव्या संगणकावर एकदा वेगळे टाका.

पुढची देखभाल

अपडेट आपोआप उतरून तयार राहावं आणि पुढच्या रीस्टार्टला लागू व्हावं, ही पद्धत लोकांच्या संगणकांसाठी सर्वांत चांगली. आरपीएम-ओएसट्रीच्या सेटिंगमध्ये तिला 'स्टेज' म्हणतात. बूटसीचाही एक टायमर आहे, पण तो मूळ रूपात अपडेट उतरवून संगणक स्वतःच रीस्टार्ट करतो. कुणी अर्ज भरत बसलेला असताना तसं होणं वाईट. तो लावू नका.

बांधणीचं वेळापत्रक अ‍ॅक्शन्सच्या फाइलीत असतं आणि त्यातली वेळ यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची, असते. आपल्याकडे रात्री दीडला बांधणी हवी तर तिथे रात्रीचे आठ लिहायचे. आणि हे कॅलेंडरवर लाल शाईने लिहा: सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब वेळापत्रकावरची कामं बंद करतं. संगणकांवर कुठलीही चूक दिसत नाही, ते रोज विचारतात, 'नवीन काही नाही' असं उत्तर मिळतं, आणि सुरक्षेचे अपडेट यायचे थांबलेले असतात. मी दर महिन्याच्या एक तारखेला रेपॉझिटरीत काही ना काही बदल करतोच, आणि त्याच दिवशी चारही संगणकांच्या इमेजची तारीख तपासतो.

फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळली जाते आणि नवी दर सहा महिन्यांनी येते. मी नवी आल्यावर महिनाभर थांबतो, मग कंटेनरफाइलमधला आकडा एकाने वाढवतो आणि आधी घरच्या लॅपटॉपवर आठवडाभर चालवतो. अशा उडीआधी संगणकावर 'सूडू ओएसट्री अ‍ॅडमिन पिन' पुढे स्टेटसमधला क्रमांक देऊन चालू सिस्टिम खिळवून ठेवायची. क्रमांक शून्यापासून मोजतात. अपडेट उतरून वाट पाहत असेल तर शून्य क्रमांक त्याचा असतो, म्हणून आधी यादी पाहा. खिळवलेली आवृत्ती कितीही अपडेट आले तरी पुसली जात नाही.

आणि नवं बिघडलंच तर? टर्मिनलपर्यंत पोचता येत असेल तर 'आरपीएम-ओएसट्री रोलबॅक', मग रीस्टार्ट. तेवढंही होत नसेल तर संगणक सुरू होताना बूटचा मेनू काढून जुनी ओळ निवडायची. वाचनालयात प्रत्येक संगणकाच्या बाजूला मी मोठ्या अक्षरांत एक कागद लावला आहे: 'सुरू झाला नाही तर बंद करा. पुन्हा सुरू करताना कंपनीचं नाव दिसताच एस्केप दाबत राहा. यादी आली की खालच्या बाणाने दुसऱ्या ओळीवर जा, एंटर दाबा. मग मला फोन करा.' मागच्या पावसाळ्यात मॅडमचा फोन आला तेव्हा त्या दुसऱ्या ओळीतून संगणक उघडून आत पुस्तकांच्या नोंदी करत होत्या. काय बिघडलं ते मी संध्याकाळी निवांत पाहिलं.